दारू सुटली, आता स्वतःचं काय करायचं?

दारू सोडून आठ महिने झाले होते. बाजाराच्या दिवशी गोव्यातल्या डिचोलीत मासळी घ्यायला गेलो की मी मधल्या वाटेने जात नसे, मागून गटाराच्या कडेकडेने जायचो. मधल्या वाटेवर चहाचं एक दुकान होतं आणि तिथे माझ्या वडिलांचे मित्र बसायचे. आठ महिन्यांत थेंब घेतला नव्हता, अंगावर मांस चढलं होतं, हातांची थरथर थांबली होती. पाय मात्र अजून गटाराच्या कडेनेच चालत होते. दारू कशी सोडावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. सुटल्यावर हे जे मागच्या वाटेने चालणं उरतं, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

मी डॉक्टर नाही. खाणीवर माझा ट्रक होता. २०१५ च्या जूनपासून प्यायलेलो नाही. त्यानंतर दारू सोडलेल्यांच्या मीटिंगांत, इस्पितळाच्या बाकड्यांवर आणि लोकांच्या ओसरीवर बसून जे पाहिलं, स्वतः चुकतमाकत जे केलं, ते क्रमाने सांगतो. दारूबद्दल लिहितोय, कारण मला तीच ठाऊक. गोळ्या, ब्राऊन शुगर किंवा मांडवीतल्या कसिनोचा नाद लागलेल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

एक गैरसमज आधी दूर करतो. मला वाटायचं, एका सकाळी जाग येईल आणि छातीवरचा दगड गेलेला असेल, म्हणजे मी स्वतःला माफ केलं. तसं कुणाचंच झालेलं मी पाहिलं नाही. देणं फेडायला लागलं की दगड झिजतो, आणि तो झिजलाय हे आपल्याला फार उशिरा कळतं. म्हणून खाली भावनांपेक्षा कामंच जास्त आहेत.

आधी शरीर

रोज भरपूर पिणाऱ्याने देवाची शपथ घेऊन, खोलीचं दार लावून एका रात्रीत दारू तोडू नये. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी घाम, ताप, भ्रम, नसलेली माणसं दिसणं असा प्रकार सुरू होऊ शकतो आणि तो जिवावर बेततो. घरचे म्हणतात, ‘बाहेरची बाधा झाली.’ बाधा वगैरे काही नसते, विड्रॉवल असतं, म्हणजे दारू एकदम तुटल्याचा शरीराला होणारा त्रास. अशा वेळी १०८ ला फोन करायचा. बांबोळीचं आयपीएचबी हे सरकारी इस्पितळ आहे, तिथे व्यसनावर उपचार होतात. तिथे जायला लाज वाटत असेल तर गावच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा. ‘कधीमधी घेतो’ असं सांगितलंत तर औषधही कधीमधी घेणाऱ्याचंच मिळेल.

आरोग्य केंद्राला कमी लेखू नका. याच गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनी एक प्रयोग केला. घातक प्रमाणात पिणारे ३७७ पुरुष त्यात होते. निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत थोड्या बैठकांचं समुपदेशन दिलं, तेही मानसोपचारतज्ज्ञांनी नव्हे, शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनी. तीन महिन्यांनी पाहिलं तर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोक धोक्याच्या पातळीखाली आले होते, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. २०१७ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. माझ्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की नीट ऐकणारा साधा माणूसही उपयोगी पडतो. पण हे लोक फार खोल गेलेले नव्हते. ज्याला सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागते त्याने डॉक्टरच गाठावा.

घरच्यांसाठी एक वाक्य, आणि ते मी जरा रागाने लिहितोय. दारू बंद करायची गोळी जेवणात चोरून मिसळू नका. डायसल्फिराम घेतलेल्या माणसाने वर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ती गोळी माणसाला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

पहिले तीन महिने माफीबिफीच्या भानगडीत पडू नका. झोप धड नसते, डोकं जड असतं, बारीकसारीक गोष्टीला रडू येतं. या काळात वेळेवर जेवायचं, औषध घ्यायचं, मीटिंगला जायचं आणि रात्री घरी असायचं. पहिल्याच आठवड्यात बायकोच्या पाया पडून रडणारे मी खूप पाहिले, मी स्वतः पडलोय. घरच्यांच्या लेखी त्याची किंमत शून्य असते. प्यायल्यावरही आपण असंच रडत होतो ना!

वही

आता खरं काम. दोनशे पानी वही घ्या. मोबाइलवर लिहू नका, तो पोरं हाताळतात.

वही कशासाठी, तर आपल्या डोक्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत कालवलेल्या असतात. एक, मी वाईट वागलो. दुसरी, मी माणूसच वाईट. पहिलीवर काहीतरी करता येतं. दुसरीवर काहीच करता येत नाही, आणि काहीच करता येत नसलं की माणूस कुठे जातो हे आपल्याला ठाऊक आहे. गावात मला ‘बेबदो’, म्हणजे दारुडा, म्हणायचे. शब्द एकदा कपाळावर बसला की प्यायला कारण लागत नाही, बेबद्याने दुसरं काय करायचं? म्हणून स्वतःला शिव्या देत राहणं हा मला पश्चात्ताप वाटत नाही. तो पुढच्या क्वार्टरचा ॲडव्हान्स असतो.

एका पानावर एकच प्रसंग. वर साल आणि जागा. खाली चार गोष्टी: मी काय केलं, कुणाला भोगावं लागलं, त्यात माझ्या हाती नसलेलं काय होतं, आणि आज त्याबद्दल काय करता येईल. पहिल्या ओळीत विशेषणं चालणार नाहीत, क्रियापदच हवं. माझ्या वहीतलं पहिलं वाक्य होतं, ‘मी नालायक बाप आहे.’ ज्याने मला हे शिकवलं त्याने त्यावर आडवी रेघ मारली आणि म्हणाला, “हे भाषण झालं. केलंस काय ते लिही.” मग लिहिलं: ‘२०११ च्या जूनमध्ये मुलीच्या वह्यापुस्तकांसाठी बाजूला ठेवलेले १,८०० रुपये कपाटातून काढले. तीन दिवसांत प्यायलो. ती जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून शाळेत गेली.’ लिहिताना हात जड झाला होता. पण १,८०० रुपये हा आकडा आहे, आकडा फेडता येतो.

दिवसाला एकच पान, वीस मिनिटं, आणि तेही उजेडी. रात्री नको. लिहून झालं की वही कपाटात ठेवा आणि हाताचं काहीतरी काम करा, झाडांना पाणी घाला, नारळ सोला. वहीपाशी बसून राहिलात तर ती तुम्हाला गिळते.

तिसऱ्या ओळीला, म्हणजे आपल्या हाती नसलेल्या गोष्टींच्या ओळीला, विशेष जपा. तिथे दोन्ही बाजूंनी चूक होते. माझी पहिली वीस पानं खाणबंदीवर होती. सरकार, कोर्ट, बँकेचा हप्ता, दारात उभा ट्रक. माझ्या स्पॉन्सरने, म्हणजे मीटिंगमधल्या ज्या जुन्या सोबर माणसाने मला हाताशी धरलं होतं त्याने, सगळं वाचलं आणि विचारलं, “खाणी बंद झाल्या सप्टेंबर २०१२ ला. मग बायकोची पाटली २००९ ला कशी गेली?” मला हसूच आलं. उलट, काही जण हाती नसलेलंही स्वतःच्या माथी घेतात. वडील हृदयविकाराने गेले तरी ‘माझ्या पिण्यामुळे गेले.’ असेल, नसेल. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असंच लिहायचं.

व्यसन हा आजार आहे की नाही, यावर मीटिंगनंतर चहाच्या कपावर तासन्‌तास वाद होतात. डॉक्टर त्याला आजारच मानतात, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही मानसिक आजाराच्या व्याख्येत तो येतो. मला ते मान्य आहे. मात्र आजार झाला हा माझा दोष नसला तरी कपाटातून पैसे काढणारा हात माझाच होता. दोन्ही वाक्यं एकाच पानावर मावतात.

एका माणसाला वाचून दाखवा

वही भरली की ती एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवायची. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (एए, दारू सोडणाऱ्यांचा गट) बारा पायऱ्यांपैकी ही पाचवी पायरी. एएत न जाणाऱ्यांनाही ती उपयोगी पडते. हा माणूस बायको नसावा, तिच्यावर आणखी ओझं कशाला? जुना पिणारा मित्र नको. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही असा तर नकोच. जुना सोबर माणूस, समुपदेशक किंवा डॉक्टर चालेल. कायद्यानेही उपचार करणाऱ्यांवर तुमची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन आहे.

गोव्यात मीटिंगा पुष्कळदा चर्चच्या आवारातल्या खोलीत होतात. देवळात जाणाऱ्या माझ्यासारख्याला सुरुवातीला अवघड वाटलं. मग कळलं की तिथे ज्या शक्तीचं नाव घेतात ती तुमची तुम्ही ठरवायची. माझ्यासाठी ती शांतादुर्गा आहे. शेजारच्या खुर्चीवरचा एकजण म्हणतो, त्याच्यासाठी ती म्हणजे ही खोलीच. पुण्याच्या मुक्तांगणात जाऊन आलेले गोयकारही भेटतात. १९८६ साली सुरू झालेल्या या केंद्रात मराठीतून बोलता येतं ही मोठी सोय. पण तिथून परत आल्यावर गावात आठवड्याला जायला एक जागा हवीच, नाहीतर तिथलं बळ पणजीच्या बसस्टँडवर उतरताउतरताच ओसरतं.

भरपाई

ज्यांना त्रास दिला त्यांची यादी वहीतूनच निघते. सगळ्यांकडे एकदम धावायचं नाही. एएच्या नवव्या पायरीतच अट आहे: जिथे भरपाई केल्याने त्या माणसाचं किंवा दुसऱ्या कुणाचं नुकसान होईल, तिथे जायचं नाही. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. जिला तुम्ही छळलंत आणि जी आता दुसरीकडे संसार करते, तिच्या दारात जाऊन ‘मी बदललो’ सांगणं म्हणजे स्वतःचं ओझं पुन्हा तिच्याच डोक्यावर ठेवणं. अशा ठिकाणी गप्प राहणं हीच भरपाई.

सोप्यापासून सुरू करा. पैशाचं देणं सगळ्यांत सोपं. बारच्या उधारीपासून मी सुरुवात केली, आणि ती कशी करायची ते नीट सांगतो, कारण इथे माणसं घसरतात.

आमच्या वाड्यावरच्या तावेर्नमध्ये माझ्या नावाचं पान होतं. एकट्याने जायचं नाही हे ठरलेलं. सोबर झालेला एक दोस्त बरोबर घेतला. वेळ सकाळी आठची निवडली, बाकडी अजून टेबलांवर उलटी असतात तेव्हाची. आत पाऊल टाकायचं नाही, दारातूनच बोलायचं. मालकाने काउंटरखालून लांबट वही काढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली. माझं पान आलं. वर माझं नाव, खाली निळ्या पेनाने आकडे, मधेमधे एक-दोन ठिकाणी लाल रेघ. काही आकड्यांपुढे माझी सही होती, आणि प्रत्येक सही वेगळी. शेवटच्या दोन तर नुसत्या आडव्यातिडव्या रेघा होत्या. एकूण ३,७४० रुपये. मालक म्हणाला, “हांव विसरल्लों रे. तूं कित्याक उडास काडटा?” विसरला नव्हता, वही काढताना त्याने शोधाशोध केली नव्हती. दर शनिवारी २०० रुपये द्यायचे ठरले, पण मी नाही, माझा पुतण्या नेऊन देणार. शेवटच्या हप्त्याला ४० रुपये कमी पडले ते मालकाने सोडले. पान फाडून देऊ का, असं त्याने विचारलं होतं. मी म्हटलं, राहू दे.

आता यूपीआय आहे, दारातही जावं लागत नाही. जमत असेल तर तसंच करा.

माणसांपुढे माफी मागताना वाक्यं आधी लिहून न्या. काय केलं ते सांगायचं, ‘पण’ न लावता. त्यांना काय भोगावं लागलं असेल ते आपल्या समजुतीप्रमाणे सांगायचं. काय करायचा विचार आहे ते सांगायचं. मग थांबायचं. ‘मला माफ कर’ ही मागणी शेवटी जोडू नका, तो समोरच्यावर दबाव होतो. माझ्या मेव्हण्याकडून मी लग्नाच्या वर्षी स्कूटर घेतली आणि परस्पर विकली होती. बारा वर्षांनी त्याच्या ओट्यावर बसून तीन वाक्यं बोललो, हप्त्यांचा कागद पुढे केला. तो म्हणाला, “पैसे दे. पण जेवायला थांब असं मी म्हणणार नाही.” मी उठलो. आजही तो मला जेवायला बोलावत नाही. पैसे पूर्ण पोचले. वहीतलं ते पान मी बंद केलं आहे, त्याने केलं नसेल. त्याचा तो हक्क आहे.

गेलेल्या माणसांचं काय? वडील गेले तेव्हा मी इस्पितळाच्या बाहेर गाडीत प्यायलेला झोपलो होतो. त्यांना पत्र लिहा असं सांगतात, मी लिहिलं. खरं सांगायचं तर पत्राने फार काही झालं नाही. मग वडिलांच्या वयाच्या एका शेजाऱ्याला दर पंधरवड्याला बांबोळीला तपासणीला नेऊ लागलो. पहाटे निघायचं, केसपेपर काढायचा, रांगेत उभं राहायचं. चार वर्षं नेलं. वहीतल्या त्या पानाच्या चौथ्या ओळीत हेच लिहिलंय.

मारहाण, अपघात, पोलीस केस असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय कुणाकडे जाऊ नका. आणि तारीख चुकवू नका. पिऊन गाडी चालवल्याचा खटला असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या १८५ कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. जे होईल ते भोगून मोकळं होणं बरं. पाठीमागे लटकत राहिलेली केस रोज रात्री उशाशी येऊन बसते.

घर

घरच्यांचा विश्वास मागू नका. आपण बदललोय हे आपल्याला आतून दिसतं, त्यांना बाहेरून फक्त घड्याळ दिसतं. सात म्हटलं तर सातला या. उशीर होणार असेल तर साडेसहाला फोन करा. एटीएम कार्ड बायकोकडे द्या, रोजचे खर्चाचे पैसे मागून घ्या, पावती आणा. पहिलं वर्षभर माझी बायको मी घरात शिरलो की काहीतरी निमित्त काढून जवळून जायची, वास घ्यायला. मला ते कळायचं, फार लागायचं. एकदा म्हटलंही, “अजून विश्वास नाही?” ती म्हणाली, “मी ठरवून नाही करत हो. पायच तसे येतात.” माझे पाय गटाराच्या कडेने जात होते, तिचे माझ्याजवळून. त्यानंतर मी विचारायचं सोडलं. दारात आल्यावर आपणहूनच तिच्याजवळ जाऊन ‘चहा आहे का’ विचारायचो.

घरच्यांनाही त्यांची स्वतंत्र जागा लागते. एएसारखेच अल्-अनॉनचे गट कुटुंबीयांसाठी असतात, मुक्तांगणात पत्नींसाठी ‘सहचरी’ आहे. तिथे ती काय बोलते ते विचारू नका.

मुलांशी एकदाच, त्यांच्या वयाला झेपेल इतकंच बोला, आणि मग कबूल केलेली लहानसहान गोष्ट चुकवू नका. मुलीचे १,८०० रुपये मी तिला कॉलेजच्या पहिल्या वर्षी दिले. तिने मोजले आणि म्हणाली, “व्याज?” हे थट्टेत होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २०१० च्या चवथीच्या आदल्या रात्री मी पिऊन माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची रानफळांची आरास, बांधायला स्टुलावर चढलो आणि माटोळीसकट खाली आलो. कवंडाळं, घागऱ्या, सुपारीचं शिपटं, नारळ, सगळं पाटावर विखुरलं. मूर्ती यायची होती म्हणून बरं. त्यानंतर माटोळी धाकटा भाऊ बांधू लागला. सोबर झाल्यावरच्या पहिल्या चवथीला मी हात लावायला गेलो तर तो म्हणाला, “तू नारळ धू.” नारळ धुतले. पुढच्या वर्षी धुतले, त्याच्या पुढच्याही. चौथ्या वर्षी तो वर चढला होता, मी खाली उभा होतो. त्याने काही न बोलता केवणीच्या दोराचं एक टोक माझ्याकडे टाकलं. मी धरलं. माझा अंदाज वर्षभराचा होता, लागली चार.

गोव्यात राहून न पिणं

इथे पाणी मागितलं तर कुठलं विचारतात, अशी थट्टा आहे. दुसऱ्या राज्यांच्या मानाने दारू स्वस्त, बार पावलापावलावर, आणि पिणं हे पाहुणचारात मोडतं. तेव्हा आपली वर्षभराची दिनदर्शिका आधीच पाहून ठेवायची.

मार्च ते मे हा काजूचा हंगाम, आणि माझ्या मते सगळ्यांत कठीण. सत्तरीच्या बाजूला गेलात तर हवेलाच भट्टीचा वास असतो. ‘उराक म्हणजे काय दारू? सरबत ते!’ हे वाक्य दर हंगामात कुणीतरी म्हणतंच. उराकात साधारण १५ टक्के अल्कोहोल असतं, फेणीत चाळिसाच्या वर. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये सरकारने तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. वारशाचा अभिमान जरूर असू दे, माझ्या वाट्याचा वारसा मी आधीच पिऊन संपवला आहे. घरची काजूची बाग असेल तर बिया तुम्ही गोळा करा, बोंडू दुसऱ्याला द्या, भट्टीकडे फिरकू नका. नीरो, म्हणजे बोंडूचा ताजा रस, तोही मी सोडला. सकाळी ताजा असतो हे खरं, पण तो लगेच आंबायला लागतो आणि आपल्या जिभेला फरक सांगायची गरज नसते.

घरातली ‘औषधाची’ बाटली बाहेर काढा. सर्दीला, पोटदुखीला, अंगाला चोळायला म्हणून देवघराच्या मागे एक फेणीची बाटली पुष्कळ घरांत असते. माझी एक स्लिप, म्हणजे सुटल्यावर पुन्हा पिणं, तिथूनच झाली. खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असतं, दुकानदाराला विचारून घ्या.

लग्न, फेस्त, कार्निव्हल, नाताळ, ३१ डिसेंबर. पहिलं वर्ष जायचंच नाही. कोण काय म्हणेल? म्हणू दे. पुढे जायचं तर उशिरा जायचं, जेवून निघायचं, स्वतःच्या गाडीने जायचं म्हणजे कुणावर अडून राहावं लागत नाही. हातात सोलकढीचा किंवा कोकम सरबताचा ग्लास धरून ठेवायचा, रिकामा हात दिसला की कुणीतरी भरतोच. ग्लास ठेवून कुठे गेलात तर परत आल्यावर तो उचलायचा नाही. बिनअल्कोहोलची बियरही नको. आग्रह झाला तर ‘मी पीत नाही’ एवढंच. सुरुवातीला ‘औषध चालू आहे’ म्हटलं तरी पाप नाही, पण कारण दिलं की समोरचा ते खोडायला बसतो.

संध्याकाळी सात ते अकरा ही वेळ भरून काढणं हे अर्धं काम. मला जत्रेतल्या नाटकाने वाचवलं. आमच्या देवळात दर जत्रेला मराठी नाटक होतं, तालमी रात्री नऊला सुरू होतात. काम कुणी देईना, माझ्या नावाने एक प्रयोग बुडाला होता. मी प्रॉम्प्टिंग मागितलं. विंगेत खुर्चीवर बसून बॅटरीच्या उजेडात दुसऱ्यांची वाक्यं सांगायची. दोन महिने रात्री साडेअकरापर्यंत जागा बांधलेली, आणि पूर्ण शुद्धीत नसलात तर हे काम होतच नाही. तुमच्याकडे भजन असेल, घुमट आरत्यांचं पथक असेल, फुटबॉल असेल. काहीही चालेल, फक्त तुम्ही नसलात तर कुणाचं तरी अडलं पाहिजे.

ओढ आली की चार गोष्टी तपासा: भूक लागलीय का, राग आलाय का, एकटं वाटतंय का, दमलोय का. माझ्या बाबतीत दहातल्या सात वेळा भूकच निघाली. पाव-भाजी खाल्ली की वीस मिनिटांत ओढ ओसरते.

काम

याबद्दल थोडक्यात. पहिल्या वर्षी मोठा धंदा काढू नका, हरवलेली वर्षं एका वर्षात भरून काढायची घाई म्हणजे जुगारच. ड्रायव्हर असाल तर डॉक्टरला विचारून स्टिअरिंगवर बसा, काही गोळ्यांनी झोप येते. बारमध्ये, हॉटेलात काम असेल तर शक्य तितक्या लवकर सोडा. मी ट्रक विकला, कर्जाचं बघितलं आणि एका हार्डवेअरच्या दुकानात गोणी उचलायला लागलो. ज्यांच्या लेखी मी ट्रकमालक होतो ते गिऱ्हाईक म्हणून येत. महिनाभर मान खाली होती, मग सिमेंटचे भाव पाठ झाले आणि मान वर करून सांगावे लागले.

पाय घसरला तर

स्लिप होते. माझ्या दोन झाल्या, २०१४ मध्ये एक आणि २०१५ च्या मे महिन्यात एक. ज्यांचा नाद दारूचा नाही, गोळ्यांचा किंवा ब्राऊन शुगरचा आहे, त्यांनी हे नीट वाचा: काही काळ बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीचंच प्रमाण पुन्हा घेतलं तर जीव जाऊ शकतो.

एक घोट गेला तर ‘आता गेलंच सगळं’ म्हणून बाटली संपवू नका. उरलेली ओतून टाका, त्या जागेवरून उठा, स्पॉन्सरला किंवा डॉक्टरला फोन करा. कुणीच उचलत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जगावंसंच वाटत नसेल तर टेली-मानसचा १४४१६, रात्री-अपरात्रीही, फुकट. एकटे राहू नका, कुणाच्या तरी ओसरीवर जाऊन बसा. सलग काही दिवस पिणं झालं असेल तर पुन्हा स्वतःच तोडू नका, वर सांगितलेलं विड्रॉवलचं सगळं इथेही लागू आहे.

घरी सांगा, त्याच दिवशी. वास त्यांना आलेला असतोच.

दुसऱ्या दिवशी वहीत एक नवं पान. कुठे, किती, कोण बरोबर होतं, आणि त्याआधीच्या दोन दिवसांत काय काय झालं. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण स्लिप बाटली उघडण्याआधी दोन दिवस सुरू झालेली असते. माझ्या मे महिन्याच्या पानावर लिहिलंय: सोमवारी मीटिंग चुकवली, मंगळवारी भावाशी भांडण, रात्री जेवलो नाही, बुधवारी पोट दुखतंय म्हणून देवघराच्या मागची बाटली. जुनी पानं फाडू नका, ती तशीच राहू देत. मोजणी पुन्हा एकपासून सुरू होईल, पण भरलेले हप्ते भरलेलेच राहतात, बारच्या वहीतही आणि आपल्याही. आणि त्याच संध्याकाळी मीटिंगला जा. मागची खुर्ची रिकामी असते.